आग्नेय कोपऱ्यातली पेटी

जगातली प्रत्येक वस्तू पेटीत मावते आणि जी मावत नाही तिची घडी चुकलेली असते, असं आमच्या आतोबांचं ठाम मत आहे. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. आधी देशभरातल्या सरकारी कारखान्यांत आणि शेवटी खडकीला, अशी छत्तीस वर्षं त्यांनी पॅकिंग विभागात काढली. तयार झालेला माल पेटीत घालायचा, पेटीला खिळे मारायचे आणि आत काय आहे ते पेटीवर लिहायचं, एवढंच काम. पण लोक देवाचं करतात तितक्या निष्ठेने त्यांनी ते केलं, आणि निवृत्तीनंतर कारखाना सुटला तरी पेटी सुटली नाही. खिशात सदैव मोजपट्टी असायची. लग्नाला गेले की आधी मांडव मोजायचा, आजाऱ्याला भेटायला गेले की खाट. माझ्या लग्नातलं रुखवत त्यांनीच बांधून दिलं होतं. ते उघडायला माझ्या दिरांना शेजारून पहार आणावी लागली, आणि आतली काचेची बरणी भुशातून सुखरूप निघाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे भांडी पाठवतात की तोफा?" आतोबांना मी हे सांगितलं, तर त्यांनी फक्त विचारलं, "बरणीला तडा नव्हता ना?"

लेबल हा तर त्यांचा प्राण. मिठाच्या डब्यावर 'मीठ' एवढ्यावर भागत नसे. 'मीठ, जाडं, दोन किलो, ओलाव्यापासून जपा' असा मजकूर, आणि वरची बाजू दाखवणारा बाण. मी एकदा मुद्दाम विचारलं, "आतोबा, मिठाचा डबा उलटा कोण ठेवणार?" तर म्हणाले, "ज्याला बाण दिसत नाही तो." एकदा लिहिलेली गोष्ट पुन्हा तोंडाने सांगणं त्यांना उधळपट्टी वाटे. वार विचारला तर कॅलेंडरकडे बोट, डाळ कुठे आहे विचारलं तर फळीकडे बोट, आणि वर "लिहिलंय ना." आत्या सांगायची, की आमच्या नऊ बदल्या झाल्या, पण बदली झाल्याचं मला यांच्या तोंडून एकदाही कळलं नाही. संध्याकाळी ट्रंकेवर नव्या गावाच्या नावाचं लेबल दिसलं की ती समजायची आणि मुकाट्याने भांडी उतरवायला लागायची. "मी संसार केला की नुसतीच पार्सलने फिरले, तेच कळत नाही ग," असं म्हणून ती हसायची.

माझे बाबा गेले त्या दिवशी आतोबा आले, हात जोडून क्षणभर उभे राहिले, आणि कुणाशी काही न बोलता तिरडीची सुतळी सोडायला लागले. माझा चुलतभाऊ त्यांच्या अंगावर धावून गेला. आतोबा मान वर न करता म्हणाले, "गाठ सरकते आहे. वाटेत हलतील ते." आणि सगळ्या गाठी त्यांनी स्वतः पुन्हा मारल्या. लोक चुळबुळत उभे होते, गुरुजी घड्याळ बघत होते, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण खांद्यावर घेतल्यावर बाबा खरंच जरासुद्धा हलले नाहीत. त्या घरभर जमलेल्या माणसांत माझ्या बाबांची एवढी काळजी दुसऱ्या कुणी केली नव्हती, हे मला फार उशिरा उमगलं.

आत्याची गोष्ट मला बाबांनीच सांगितली होती. मध्य प्रदेशातल्या एका कारखान्याच्या वसाहतीत आत्याला मुलगा झाला. मुकुंद. बारसं झालं, आणि दोन महिन्यांचा व्हायच्या आत तो तापाने गेला. एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. क्वार्टरच्या मागे कुंपणालगत चिंचेचं झाड होतं, त्याखाली त्याला ठेवलं. पुढे तीन महिनेही झाले नाहीत तोवर ट्रंकेवर लेबल दिसलं. त्या सकाळी आत्या चिंचेखाली जाऊन बसली ती उठेचना. ट्रक सुटायची वेळ झाली तेव्हा दोन शेजारणींनी तिला दंडाला धरून आणून बसवलं. आतोबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, असं बाबा म्हणायचे. पुढे मूल झालं नाही, आणि त्या घरात तो विषय कुणी काढला नाही. आत्याने नवऱ्याकडे जन्मात एकच मागणं मागितलं: "एक घर असं द्या, की जे सोडून जावं लागणार नाही."

आतोबांनी ते मागणं पुरं केलं, पण आपल्या अकलेने. सोडून जावं लागणार नाही असं घर म्हणजे तुमच्या-माझ्या लेखी भक्कम पायाचं, चार भिंतींचं. आतोबांच्या लेखी, जिथे जाऊ तिथे आपल्याबरोबर येईल ते. खडकीचं क्वार्टर सोडल्यावर दोघं काही दिवस आमच्याकडे होती. एके दिवशी आतोबा आम्हाला हिंजवडीच्या अलीकडच्या एका मोकळ्या रानात घेऊन गेले. तिथे बोटीवर माल वाहणारा एक जुना कंटेनर उभा होता. चाळीस फूट लांब, आठ फूट रुंद, मूळचा निळा असावा असा गंजका, अंगावर पांढरे आकडे. आत्या म्हणाली, "अहो, हा तर डबा आहे." आतोबा म्हणाले, "चाळीस फुटी." जमीन भाड्याने देणारे आबा तिथल्याच गावचे शेतकरी. ते डोकं खाजवत उभे होते. "सायेब, जागा दिली म्या. पर ह्यात माल कवा यायचा हाय?" आतोबांनी आत्याकडे बोट दाखवलं. "हा काय, आलाय." आबांनी आत्याकडे पाहून एकदम टोपी काढली, कुणी वारल्यावर काढावी तशी.

मग तीन महिने तिथे ठोकाठोक चालली होती. जोडीला खडकीचे रशीदभाई वेल्डर. त्यांचं दुकान पिढीजात, आणि आतोबांच्या मोजपट्टीपुढे आयुष्यात कधीही न रागावलेला हा एकमेव माणूस. बोटीवरच्या मालाला कीड लागू नये म्हणून कंटेनरच्या फळ्यांना विष चोपडलेलं असतं. आतोबांनी आधी तो सगळा तळ उखडून फेकला आणि नव्या फळ्या बसवल्या. गॅसने कापून चार खिडक्या काढल्या. भिंतींना आतून थर्माकोल, वर प्लायवूड, तरी उन्हाळ्यात आत शिरलं की भाकरीसारखं शेकून निघायला व्हायचं. पावसात तर छतावर असा ताशा वाजायचा, की दोघं एकमेकांना चिठ्ठ्या लिहायची. आतोबांना ते चालतच होतं. आत्याने मात्र तिथेही संसार मांडला. पत्र्याच्या डब्यात तुळस लावली, दारात कढीलिंब, खिडकीवर घोसाळ्याचा वेल, आणि छतावर सांडगे, जे एका उन्हात वाळत. संगणक कंपन्यांच्या बसमधून जाणारी पोरं फोटो काढायची. एकाने आत डोकावून विचारलं, "अंकल, कॅफे किती वाजता ओपन होतो?" आतोबांनी उत्तर न देता रंगाचा डबा आणला आणि दारावर लिहिलं: 'घर. कॅफे नाही.' या घराचा बोलबाला झाल्यावर लोक येऊ लागले. आतोबांनी एका बिल्डरला कंटेनरचं ऑफिस करून दिलं, बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी एक बालवाडी करून दिली. बालवाडीच्या दारावर लिहिलं: 'मुलं, वीस. ऊन आणि धक्क्यापासून जपा.'

घर तयार होत आलं तेव्हा आतोबा "कागदपत्रांचं काम आहे" एवढंच म्हणून चार दिवस कुठेसे जाऊन आले. परत आले ते काळवंडून, पायाला फोड घेऊन. आल्या आल्या वास्तुशांतीचा मुहूर्त काढला. आता वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात जमिनीत पुरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हे घर विटांच्या खांबांवर, जमिनीपासून दोन फूट वर. गुरुजी म्हणाले, "हरकत नाही. कोपऱ्याखाली खड्डा घ्या, तिथे पुरू." तेव्हा आतोबा असे ओरडले, की मी दचकलेच. माझ्या उभ्या आयुष्यात त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "या घरात काही पुरायचं नाही!" गुरुजींच्या हातातली पळी तशीच राहिली. आत्या पाटावरून उठून आत गेली. मग आतोबांनी खालच्या पट्टीत सांगितलं, की रशीदभाईंनी आग्नेय कोपऱ्याला तळाखालून एक लोखंडी पेटी जोडली आहे, वास्तुपुरुष तिच्यात राहील आणि घराबरोबर फिरेल. गुरुजी शरण आले. फक्त म्हणाले, "मूर्ती पालथी ठेवायची असते, एवढं तरी पाळा." आतोबांनी गंभीरपणे विचारलं, "म्हणजे बाण खाली काढू?" मग ते आणि रशीदभाई घराखाली सरपटत गेले, आणि बराच वेळ तिकडून वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या.

सहा-सात वर्षांनी आबांच्या मुलांनी ते रान विकलं. आतोबांची कळी खुलली. याच दिवसासाठी तर त्यांनी सगळा खटाटोप केला होता! त्यांनी कपबशा बांधल्या, कपाटाच्या दारांना पट्ट्या मारल्या, क्रेन आणि लांब ट्रेलर बोलावला. "एक कप फुटणार नाही," ते सगळ्यांना सांगत होते. आणि नाहीच फुटला. विश्रांतवाडीच्या पुढे आळंदी रस्त्याला नवी जागा घेतली होती, तिथे हातात होकायंत्र घेऊन त्यांनी क्रेनवाल्याचा अंत पाहिला. घराचा आग्नेय कोपरा नव्या जागीही आग्नेयेलाच आला पाहिजे! "अहो काका, दार कुठे पाहिजे ते बोला ना," क्रेनवाला कळवळून म्हणाला. "दार कुठेही चालेल, तो कोपरा चुकता कामा नये." चाळीस फुटी घर हवेत गोल गोल फिरत होतं आणि खाली रस्त्यावर बघ्यांची जत्रा.

आत्याने यातलं काही पाहिलं नाही. हिंजवडीला घर उचलताना ती रस्त्याच्या कडेला एका दगडावर पाठ करून बसली होती, मांडीवर तुळशीचा डबा घेऊन. कढीलिंब छातीएवढा वाढला होता, तो मागेच राहिला. मी शेजारी बसले होते. इकडेही घर टेकेपर्यंत ती तशीच पाठ फिरवून बसली. संध्याकाळी आतोबा दमून, खुशीत येऊन उभे राहिले, तेव्हा ती वर न बघता म्हणाली, "एकदा मला तिकडे घेऊन चला हो. त्या क्वार्टरमागे. चिंच आहे की नाही, एवढंच बघून येते." त्या विषयावर चाळीस वर्षांत तिने पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. आतोबा म्हणाले, "गरज नाही." आणि खांबांची लेव्हल तपासायला निघून गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक माणूस इतका दगड असू शकतो? मी वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नाही. मी गेले की फक्त आत्याशी बोलायचे, तिच्या हातचा चहा प्यायचे आणि निघायचे. तिने मात्र पुन्हा तो विषय काढला नाही.

आत्या त्याच घरात गेली. दोन महिने अंथरुणावर होती. आतोबांनी तिच्या औषधांच्या बाटल्यांवर इतकं लिहिलं होतं, की मूळ नाव दिसेना. एका दुपारी ते औषध आणायला गेले असताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तो तिथे एकटाच राहिला ग." मी तिच्या हातावरून हात फिरवत राहिले. दोन दिवसांनी ती गेली. आतोबांनी गाठी स्वतः मारल्या, एकेक गाठ तीनतीनदा ओढून पाहिली. सगळं झाल्यावर त्यांचा हात सवयीने खिशातल्या खडूकडे गेला. मग तसाच बाहेर आला, आणि त्या रिकाम्या हाताचं काय करावं ते त्यांना कळेना.

वर्ष उलटलं. जागेच्या मालकांना रस्त्याकडची बाजू दुकानांसाठी हवी होती. घर पन्नास पावलं मागे सरकवायचं ठरलं. पुन्हा क्रेन आली. रशीदभाई आता चांगलेच थकले होते, तरी गंज कुठवर चढलाय ते बघायला आले. या वेळी पाठ करून बसायला कुणी नव्हतं, म्हणून मी समोर उभी राहिले. घर उचललं गेलं आणि त्याचा तळ माझ्या डोळ्यांसमोर आला. आग्नेय कोपऱ्याला बुटाच्या खोक्याएवढी लोखंडी पेटी होती. खालच्या अंगाला पांढऱ्या ऑइलपेंटने, आतोबांच्या त्या ठसठशीत सरकारी अक्षरात लिहिलं होतं:

'आत: १. वास्तुपुरुष, पितळी, एक. २. माती, चिंचेखालची, एक डबी. चि. मुकुंद. हलवताना जपा.'

मी ते दोनदा वाचलं. मग रशीदभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, "साहेब स्वतः जाऊन घेऊन आले होते, बेटा. ते चार दिवस गेले होते ना, तेव्हा. क्वार्टर पाडली होती म्हणे, चिंच शोधायलाच दोन दिवस गेले." मग म्हणाले, "भाभींना ठाऊक असेलच की."

मी आतोबांकडे गेले. ते होकायंत्रात डोळे घालून उभे होते. "आतोबा, ती माती. आत्याला सांगितलं होतंत?"

त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. "लिहिलंय ना."

"कुठे लिहिलंय? घराखाली! तिने कधी वाचायचं?"

"दोनदा घर उचललं," ते म्हणाले. "समोर दिसतं. हे काय, तू वाचलंस."

"ती दोन्ही वेळा पाठ करून बसली होती, आतोबा. ती जाताना मला म्हणाली, तो तिथे एकटा राहिला."

आतोबांनी क्रेनवाल्याला हाताने खूण केली. घर नव्या खांबांवर टेकलं. या वेळी त्यांनी कोपरा तपासलाच नाही. सगळं स्थिर झाल्यावर मोजपट्टी आणि होकायंत्र गवतावर ठेवून हा सत्तर वर्षांचा माणूस गुडघ्यांवर बसला आणि सरपटत घराखाली गेला. मी घाबरून वाकून पाहिलं. ते त्या पेटीखाली उताणे पडून वर बघत होते. रशीदभाईंनी मला मागे ओढलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. क्रेनवाला निघून गेला, रशीदभाईंचा चहा गार झाला. मग आतोबा बाहेर आले, केसांत माती, आणि कारखान्यात माल नापास करताना बोलत असतील तशा आवाजात म्हणाले, "उभ्या माणसाला दिसत नाही. लेबल चुकीच्या जागी लावलं. माझी चूक." आणि तिथेच पायरीवर बसून ते रडले. आत्या गेली तेव्हाही रडले नव्हते. मी वर्षभर ज्या माणसाला दगड म्हणत होते, त्याच्या पाठीवर हात ठेवायची मला लाज वाटत होती. शेवटी ठेवला.

त्याच आठवड्यात रशीदभाईंनी पेटी कापली. वास्तुपुरुष आतोबांनी परत होता तसा ठेवला, पालथा. माती आत्याच्या तुळशीत घातली.

आता मी दर रविवारी जाते. घरातली लेबलं अजून आहेत, पण आतोबा ती आता मोठ्याने वाचतात. चहाचा डबा काढला की म्हणतात, "चहा." साखरेचा काढला की, "साखर. एक किलो." दार उघडताना म्हणतात, "दार उघडतोय." आळंदी रस्त्यावरचे शेजारी मला बाजूला घेऊन सांगतात, की काकांचं वय झालं, जरा लक्ष ठेवा. मी हो म्हणते. दिवेलागणीला ते तुळशीपुढे दिवा लावतात आणि हात जोडून, अगदी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, आत्याला सांगतात, "मुकुंद इथे आहे, बरं का. इथेच आहे."

मग माझ्याकडे वळून विचारतात, "नीट ऐकू गेलं ना?"

"गेलं, आतोबा," मी म्हणते. तरी ते आणखी एकदा सांगतात.